खाडा नसलेला मंगळवार

डोळे मिटा बरं एकदा. नीट मिटा, फटीतून बघायचं नाही. आता समजा, तुमची आई तुमच्याच घरात राहते, तुमच्याच शेजारी निजते. पण तुम्ही उठता तेव्हा ती गेलेली असते आणि ती परत येते तेव्हा तुमचे डोळे मिटलेले असतात. मग ती आहे हे तुम्हाला कशावरून कळणार? फडक्यात गुंडाळलेल्या भाकरीवरून. ती अजून जराशी कोमट असते. उशाशी घडी घालून ठेवलेल्या गणवेशावरून. दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्यावरून. आई म्हणजे अशा खुणा, आणि तुम्ही त्या खुणांमागे धावताय. बसलं डोळ्यांपुढे? उघडा आता डोळे.

संस्कृती नावाच्या दहा वर्षांच्या मुलीचं असंच होतं.

तिची वस्ती मांजरसुंब्याच्या अलीकडे, डोंगराच्या उतारावर. पाच-पंचवीस घरं, एक पाण्याची टाकी आणि चौथीपर्यंतची शाळा. वडील अजिनाथ ट्रॅक्टर चालवायला दूरच्या साखर कारखान्यावर गेलेले. आई मंगल मांजरसुंब्याच्या फाट्यावर ‘अन्नछाया’ नावाच्या मोठ्या हॉटेलात भाकरी करायला. पहाटे पाचला हॉटेलची जीप वस्तीच्या वळणावर यायची आणि रात्री तिथेच आणून सोडायची. मधल्या वेळात संस्कृती जेवायची शेजारच्या वत्सला आत्याकडे. आत्या मायाळू होती, पण तिच्या घरी स्वतःची चार लेकरं. कोणाचं काय दुखतंय, कोण काय सांगतंय, एवढं ऐकायला तिला दोन कान पुरत नव्हते.

म्हणून संस्कृतीने एक युक्ती काढली होती. गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर तिने लिहिलं, ‘मायला सांगायचं’. खाली एकेक ओळ. ‘माझा दात पडला.’ ‘आत्याच्या शेळीला दोन करडं झाली, एक पांढरं.’ ‘बाईंनी मला सतराचा पाढा म्हणायला उभं केलं आणि मी अडले नाही.’ आई भेटली की एक-एक सांगायचं. पण आई भेटायची ती झोपेत. मग पडलेल्या दाताच्या जागी नवा दात आला. संस्कृतीने ती ओळ खोडली. करडं मोठी झाली, पांढरं करडू विकलं गेलं. तीही ओळ खोडली. खोडलेल्या ओळी न खोडलेल्यांपेक्षा जास्त झाल्या, तेव्हा तिने पान उलटलं.

तुम्ही म्हणाल, रविवारी तरी आई घरी असेल. नव्हती. रविवारी तर हॉटेलात गर्दी फार. सोमवारी? तेव्हाही नाही. तीन वर्षांत मंगल एकदाही सुट्टीवर राहिली नव्हती.

“माय, एक दिस ऱ्हा की घरी,” संस्कृती एकदा अर्धवट झोपेत म्हणाली होती.

“खाडा लागंल गं,” आई अंधारात पदर खोचत म्हणाली होती, आणि जीपचा हॉर्न वाजला होता.

हा खाडा काय असतो ते सांगायला हवं. या भागातली पुष्कळ घरं दिवाळीनंतर ऊस तोडायला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. अशा जोड्यांची टोळी, आणि टोळीवर मुकादम. एक दिवस फडात गेलं नाही की तो खाडा, आणि खाड्याचा दंड बसतो. ताप असो, पाय कापलेला असो, मुकादमाच्या वहीत तो खाडाच. मंगल आणि अजिनाथ सहा वर्षं कोयत्यावर होते. पुढे संस्कृतीची शाळा बुडू नये म्हणून मंगलने कोयता सोडला आणि ती हॉटेलात भाकरी थापायला लागली. कोयता सुटला, पण खाड्याची भीती मात्र तिच्याबरोबर हॉटेलात आली.

आता या गोष्टीत मोहनराव येतात. मोहनराव म्हणजे एसटीचे निवृत्त कंडक्टर. वस्तीतली सगळी मुलं त्यांना आबा म्हणत. तिकिटं मशीनमधून निघायला लागली तेव्हा जुन्या पत्र्याच्या तिकीटपेट्या भंगारात गेल्या. आबांनी त्यातली एक विकत आणून ठेवली होती. दर रविवारी सकाळी ते पाण्याच्या टाकीखाली सावलीत बसत आणि ती पेटी उघडी ठेवत. मुलांनी घरून, शेजारून प्रश्न गोळा करायचे, चिठ्ठीवर लिहायचे आणि तिकिटांच्या खणात खोचायचे. आबा चिठ्ठ्या काढून वाचत आणि उत्तरं सांगत. सुरुवातीला मुलं ‘आकाश निळं कावून?’ असलं विचारायची. पण आबांनी आयुष्यभर कामगार युनियनच्या सभा ऐकल्या होत्या. कामाधंद्याच्या प्रश्नांवर ते खुलतात हे मुलांच्या लक्षात आलं, आणि पेटीत तेच प्रश्न जास्त यायला लागले.

मार्चमधला रविवार होता. आबांनी पहिली चिठ्ठी काढली.

“अंगदची दिसती. अक्षर कोंबड्याच्या पायासारखं हाय. ‘माझा भाऊ बीडला मोबाइलच्या दुकानात हाय. त्याला नोकरीचं पत्र दिलं न्हाई. तर तो नोकरीत हाय का न्हाई?’ काय वाटतं रे पोरांनो?”

“न्हाई,” दोघं-तिघं म्हणाले.

“हाय. रोज कामाला जातो, मालकाचं ऐकतो, महिन्याला पगार घेतो, मग नोकरीत न्हाई तर काय सासुरवाडीला हाय? पत्र दिलं न्हाई ही मालकाची चूक. पन भावाला सांग, पगाराचा मेसेज आला की पुसू नको. हजेरीच्या पानाचा फोटो काढून ठिव. पत्र नसलं तर ह्याच गोष्टी बोलतेत.”

दुसरी चिठ्ठी एका मुलीची होती. तिच्या बहिणीला दिवस गेले होते आणि ती काम करायची त्या कंपनीत तिला आता येऊ नको म्हणाले होते.

“असं काढता येत न्हाई,” आबा म्हणाले. “बाळंतपनाची रजा असती, आन् ती पगारी असती. पन त्याला किती दिस काम केलेलं लागतं, ते मला आत्ता नक्की ठाऊक न्हाई. बुधवारी बीडला चाललोय, विचारून येतो. ठाऊक न्हाई ते ठोकून द्यायचं न्हाई.”

तिसरी चिठ्ठी त्यांनी उघडली, वाचली आणि थोडे थांबले. “‘सुट्टी घेतली की हॉटेलात खाडा किती लागतो?’”

मुलं हसली. अंगद म्हणाला, “हॉटेलात कुठं ऊस असतो बे?”

आबा हसले नाहीत. “कुनाची चिठ्ठी?”

संस्कृतीने हात वर केला. तिचे कान लाल झाले होते.

“इकडं ये. बस. तुझ्या मायच्या हॉटेलात किती मानसं हायेत?”

“पंचवीस. माय सांगत असती, पंचविसांच्या भाकरी येगळ्या कराव्या लागतेत म्हनून.”

“मग ऐक. एवढी मानसं असली की आठवड्यातला एक दिस सुट्टीचा असतो. कायदाच हाय तसा. ती मागायची गोष्ट न्हाई, ती द्यायची गोष्ट हाय. आन् तिला दंड नसतो. खाडा हा मुकादमाचा शब्द हाय, कायद्याचा न्हाई. मी एसटीत पस्तीस वर्सं काढली. माझी सुट्टी बुधवारी असायची. बुधवारी डेपो मॅनेजर दारात आला असता तरी मी त्याला चहाच पाजला असता, त्याच्या गाडीवर गेलो नसतो.”

“मग मायला कुनी सांगितलं न्हाई?”

“तिनं कुनाला विचारलं का?”

संस्कृतीने विचार केला. आई कोणाला विचारणार? विचारायला उभं राहावं लागतं, आणि आई सतत चुलीपुढे बसलेली.

“मी सांगते तिला,” ती म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं. “पन ती घरी असती तवा मी जागी कुठं असते?”

आबांनी पेटीचं झाकण लावलं. “चप्पल घाल. आत्याला सांगून ये.”

वळणावर काळी-पिवळी जीप मिळाली. आबा सवयीने दाराशी बसले आणि आत माणसं नीट बसली का ते मोजून घेतलं. ड्रायव्हर म्हणाला, “आबा, रिटायर झालात तुमी.” आबा म्हणाले, “मी झालो, डोकं झालं न्हाई.” संस्कृतीला हसू आलं नाही. ती खिडकीतून बघत होती. याच रस्त्याने आई रोज जाते. ही टेकडी तिला दिसते का? की पहाटे नुसता अंधार असतो?

फाट्यावर गाड्यांचा गलबला होता. अन्नछायाच्या पुढे मालमोटारी उभ्या, आत खुर्च्यांची खरखर. आबा तिला घेऊन मागच्या बाजूला गेले. तिथे पत्र्याच्या छपराखाली दोन चुली पेटलेल्या होत्या, आणि एका चुलीपुढे मंगल बसली होती.

संस्कृती जागच्या जागी थांबली. आईला दिवसाच्या उजेडात तिने कितीतरी दिवसांनी पाहिलं होतं. आईच्या भांगापाशी केस पांढरे झाले होते. मनगटावर तव्याचे तीन-चार जुने चटके होते. आणि आई लहान दिसत होती. तिच्या मनात होती त्यापेक्षा खूप लहान. परातीतलं पीठ, हात, थाप, तवा. परत पीठ, हात, थाप, तवा. वर न बघता चाललं होतं सगळं.

दुसऱ्या चुलीवरच्या बबिताने आधी पाहिलं. “मंगल, अगं कोन आलंय बघ. तुझी नक्कल आली.”

मंगलने वर पाहिलं आणि तिचा हात तव्यावरच थांबला. “काय झालं? हिच्या बापाचा फोन आला का? आत्या बरी हाय ना?”

“काय झालं न्हाई,” आबा म्हणाले. “समदे बरे हायेत. पोरगी तुला बघायला आली.”

“आन् एक सांगायला,” संस्कृती घाईने म्हणाली. भाकरी करपेल की काय असं तिला वाटत होतं. “माय, सुट्टीला खाडा न्हाई लागत. कायदा हाय. आठवड्याला एक दिस.”

मंगलने भाकरी उलटली. तिचा चेहरा बंद झाला. “हे बोलायला इथवर आलीस? कुनी ऐकलं तर? आबा, तुमी पन पोरीच्या नादी लागलात. मला न्हाई घ्यायचा खाडा.”

“खाडा नसतोच तो,” आबा म्हणाले.

“मला नका सांगू. एकदा घेतलाय मी.” ती संस्कृतीकडे बघत म्हणाली, पण आवाज मऊ झाला होता. “ही दोन वर्सांची होती. फडावरच्या पाचटाच्या कोपीत तापानं फणफणली होती. एक दिस मांडीवर घेऊन बसले फकस्त. मुकादमानं खाडा लिवला. हंगाम सरस्तोवर ऐकवत होता, लेकराचं नाव सांगून बसती म्हनून. तवापासून ठरवलं, पुन्यांदा कुनाच्या तोंडून ऐकायचं न्हाई.”

संस्कृतीला हे ठाऊक नव्हतं. आपल्यासाठी आई एक दिवस बसली होती. एक अख्खा दिवस. आणि आपल्याला त्यातलं काहीच आठवत नाही. तिला त्या दोन वर्षांच्या मुलीचा हेवा वाटला.

“अगं पन इथं मुकादम कुठाय?” बबिता म्हणाली.

तेवढ्यात मॅनेजर सोमेश्वर हातात चहाची किटली घेऊन मागे आला. “भाकरी कावून थांबली? बारा नंबरवाले बोंबलतेत.” मग त्याला आबा दिसले. “मामा, पुढं बसा की. इथं धूर लागंल.”

“धुराला काय, त्या दोघींना रोज लागतो. एक विचारायचं होतं, मॅनेजरसाहेब. इथं बायांची सुट्टी कोनत्या वारी असती?”

सोमेश्वरने किटली या हातातून त्या हातात घेतली. “सुट्टीचं काय, मामा… आजवर कुनी मागितलीच न्हाई. मागितली तर बघू.”

“काका,” संस्कृती म्हणाली, “तुमची सुट्टी कवा असती?”

“शुक्रवारी,” तो सहज बोलून गेला. “पोराला घेऊन नारायणगडाला जातो कधीमधी.”

चुलीतलं लाकूड तडतडलं. बबिता तोंडावर पदर घेऊन बसली होती.

“तुमी कुनाला मागितली होती?” आबांनी विचारलं.

सोमेश्वरने चेहरा दुसरीकडे वळवला. “मालकांनीच ठरवून दिली.”

“बरोबर केलं त्यांनी. मग मालकाला शुक्रवार ठाऊक हाय, आणखी सहा वार बी ठाऊक असतील. त्यातला एक हिला, एक बबिताला. बुधवारी मी बीडला कामगार अधिकाऱ्याच्या हापिसात जानारच हाय, दुसऱ्या कामानं. तुमच्या मालकाला शंका असली तर तीबी विचारून येतो.”

मंगल उठून उभी राहिली होती. हाताला पीठ, पदर खांद्यावरून सरकलेला. आबांकडे नाही, लेकीकडे नाही, ती थेट सोमेश्वरकडे बघत होती. तीन वर्षांत तिने त्याला विचारलेला हा पहिला प्रश्न असावा.

“भाऊ, एक दिस न्हाई आले तर खाडा किती लागंल?”

“खाडा?” सोमेश्वर हसायला लागला आणि मधेच थांबला. त्याचीही आई कोयत्यावर जाऊन आली होती. “ताई, इथं कसला खाडा? मी कवा म्हनलो तुमाला?”

“तुमी न्हाई म्हनलात. मीच धरून चालले होते.”

“तीन वर्सं?”

तीन वर्षांतले वार मंगलच्या डोळ्यांपुढून जात असतील, कोण जाणे. मग ती खाली बसली, करपलेली भाकरी काढून बाजूला ठेवली आणि नवीन गोळा हातात घेतला. सोमेश्वर म्हणाला, “मालकाशी बोलतो मी. मंगळवारी तसं गिऱ्हाईक कमीच असतं.” आणि पुढे निघून गेला. जाताना किटली तिथेच विसरला.

करपलेल्या भाकरीचा पापुद्रा आईने संस्कृतीला दिला. तिने तो वस्तीपर्यंत पुरवून पुरवून खाल्ला.

सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी आबा बीडहून येऊन बाळंतपणाच्या रजेचं नीट सांगून गेले. हॉटेलचं काहीच कळलं नाही. संस्कृतीला वाटलं, मालक नाही म्हणाला असेल. आईचं काम गेलं तर? ते आपल्यामुळे गेलं असं होईल. ती पुन्हा खुणा मोजायला लागली. भाकरी कोमट आहे. गणवेशाची घडी आहे. म्हणजे आई आहे, अजून जाते आहे.

गुरुवारी पहाटे कोणीतरी तिच्या कपाळावरून हात फिरवला. खरखरीत हात, धुराचा वास.

“संस्कृते, ऐकतीस का? मालक व्हय म्हनला. मंगळवारी मला सुट्टी, बुधवारी बबिताला.”

संस्कृती ताडकन उठून बसली, तेव्हा आई दारात पोचली होती आणि जीपचा हॉर्न वाजत होता. आईने तिला मुद्दाम जागं केलं होतं. असं कधी झालं नव्हतं.

पुढचे पाच दिवस लांबच लांब होते. ‘मायला सांगायचं’ हे पान तिने पुन्हा लिहून काढलं, खोडलेल्या ओळींसकट. पडलेला दात, पांढरं करडू, सतराचा पाढा. शिळं झालं म्हणून काय झालं? आईसाठी ते नवंच होतं. एकूण एकतीस ओळी झाल्या. कुठली आधी सांगायची याचे तिने आकडे घातले.

मंगळवारी तिला जाग आली आणि तिने हात पुढे केला. अंथरूण रिकामं. ती तशीच अनवाणी वळणाकडे पळाली. उजाडत होतं. समोरून आई येत होती, हातात डबा, चेहऱ्यावर ओशाळं हसू.

“सवयीनं गेले बघ. जीपवाला म्हनला, ताई, आज मंगळवार.”

दोघी घरी आल्या. आईने तिची वेणी घातली. केस एवढे वाढलेले आईला माहीत नव्हते, रिबीन अपुरी पडली. शाळा सकाळची होती.

“माय, आज शाळा बुडवू?”

“न्हाई. कामाचा खाडा नसतो हे कळलं मला. पन शाळेचा खाडा मला चालायचा न्हाई. बारा वाजता सुटती ना? ये. मी हितंच हाय.”

“हितंच?”

“हितंच, दारातल्या लिंबाखाली.”

त्या दिवशी बाईंनी काय शिकवलं ते संस्कृतीला विचारू नका. घंटा झाली आणि ती सुटली. दप्तर पाठीवर आपटत होतं, वहीतल्या एकतीस ओळी ती पळता पळता मनात म्हणत होती. दात. करडू. पाढा.

आई लिंबाखालीच होती. गोधडीवर, एका कुशीवर, गाढ झोपलेली. शेजारी निवडायला घेतलेली मटकी तशीच सुपात पडली होती. तोंड किंचित उघडं, हात पिठाचा गोळा धरल्यासारखा वळलेला.

“माय,” संस्कृती हळूच म्हणाली.

आई हलली नाही. संस्कृतीने वही काढली होती, ती हातातच राहिली. पुन्हा हाक मारायला तिने तोंड उघडलं. तेवढ्यात लिंबाच्या पानांतून ऊन सरकत आईच्या कपाळावर आलं आणि आईच्या भुवया झोपेतच आक्रसल्या.

संस्कृतीने वही दप्तरात ठेवली. दप्तर आवाज न करता खाली ठेवलं. मग ती ऊन आणि आई यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. तिची सावली आईच्या चेहऱ्यावर पडली आणि भुवया सैल झाल्या. थोड्या वेळाने ऊन सरकलं. ती एक पाऊल सरकली. ऊन पुन्हा सरकलं. ती पुन्हा एक पाऊल सरकली.